वहीतले सगळे साठ

कालव्याच्या काठाने निम्मी वाट सरली असेल नसेल, तेवढ्यात पाटीचं दादाकडचं टोक खाली झुकायला लागलं.

पाटी पितळेची, चांगली अडीच फूट लांब, जुन्या ब्लँकेटात गुंडाळून दोरीने करकचून बांधलेली. पुढचं टोक दादाच्या हातात, मागचं त्याच्या धाकट्या बहिणीच्या. घरात सगळे तिला धाकटीच म्हणत. वयाची पंचावन्न वर्षं झाली, केस पिकले, तरी ती धाकटीच राहिली. पुढचा पूल दुरुस्तीसाठी बंद होता, म्हणून बसने दोघांना त्याच्या अलीकडेच उतरवून दिलं होतं. पाणीपुरवठ्याची नवी इमारत तिथून तासाभराच्या वाटेवर. चार वाजता तिचं उद्घाटन, आणि उद्घाटनाची पाटी या दोघांच्या हातात.

"दादा, तुझी बाजू खाली चाललीय."

"रस्ता उताराचा आहे."

रस्ता पोळपाटासारखा सपाट होता. धाकटीचं लक्ष त्याच्या मानेवर गेलं. वारा गार होता, आणि दादाच्या मानेवर घाम डवरला होता. कानाच्या पाळ्या पांढऱ्याफटक दिसत होत्या.

"आपण जरा टेकू या का?"

"टेकून पाटी चालत जाणार आहे का? चल गुपचूप."

अजून पन्नासेक पावलं गेली. मग दादा म्हणाला, "थांब गं जरा."

 लहानपणी शाळेच्या वाटेवर दादा पुढे आणि ती मागे धापा टाकत, "दादा, थांब ना रे, थांब" म्हणत. आयुष्यभर थांब म्हणायचं काम तिचं होतं. दादाच्या तोंडून तो शब्द तिने पहिल्यांदा ऐकला.

पाटी दोघांनी हळूच खाली ठेवली. दादा कडेच्या मैलाच्या दगडावर बसला, नव्हे, दगडाने त्याला सावरलं म्हणून तो पडला नाही इतकंच. तिने त्याचा हात धरला. हात बर्फाच्या लादीसारखा गार.

"काही नाही. डोळ्यांपुढे जरा अंधारलं. तू लगेच तोंड पाडून बसू नकोस."

धाकटीने तोंड पाडलं नाही. तिने त्याची मनगटाची बाही वर सारली, आपलं घड्याळ फिरवून समोर धरलं आणि दोन बोटं त्याच्या नाडीवर ठेवली. अंगठा नाही, दोन बोटं. दीड वर्षापूर्वी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दादाला शिकवलं तेव्हा ती शेजारी बसून शिकली होती.

एक. मग केवढी तरी शांतता. दोन. मग पुन्हा शांतता. प्रत्येक ठोका असा यायचा, जणू आता येऊ की नको असा विचार करून दाराशी उभा राहिला होता. मिनिट भरलं तेव्हा बेचाळीस झाले होते.

दादाचा धंदा कोरण्याचा. पितळेवर, तांब्यावर, दगडावर अक्षरं कोरायची. वकिलांच्या दारावरच्या पाट्या, शाळांच्या ढाली, यंत्रांवरचे नंबर, पुतळ्यांखालची नावं. यंत्राने अक्षरं कोरून देणारी दुकानं गल्लोगल्ली झाली, तरी हाताचं अक्षर पाहिजे असलेली माणसं शोधत शोधत त्याच्याकडे यायची. पंधराव्या वर्षी तो एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली लागला. त्या म्हाताऱ्याने त्याला पहिल्या दिवशी छिन्नीही दिली नाही आणि हातोडीही दिली नाही. म्हणाला, "आधी स्वतःच्या छातीचा ठोका ऐकायला शीक. ठोका पडला की बोटाच्या टोकापर्यंत हादरा जातो. बारीक अक्षराचा घाव दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत घालायचा. ती जागा सापडली की तू कारागीर झालास."

दादाला ती जागा सापडली आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षं तो त्याच जागेत राहिला. काम करताना त्याच्याशी कोणी बोललं तर तो उत्तर द्यायचा ते दोन घावांच्या मध्ये, तुटक तुटक. वहिनी म्हणायची, "यांच्याशी भांडायचं म्हणजे अर्धा दिवस काढून ठेवावा लागतो."

दीड वर्षापूर्वी ती जागा हरवली. छाती एकाएकी धावायला लागायची, कशाचाच मेळ नाही. दादाला दम लागल्याचं दुःख नव्हतं. घाव घालायला फट सापडेना याचं होतं. दवाखान्यात मोजलं तर एकशे तीस ठोके. डॉक्टरीणबाईंनी ठोके कमी करायची गोळी दिली आणि चार गोष्टी बजावल्या. रोज सकाळी खाऊन एकच गोळी. त्याआधी नाडी मोजायची आणि वहीत लिहायची. पन्नासच्या खाली गेली किंवा चक्कर आली तर गोळी न घेता आधी फोन करायचा. आणि कितीही बरं वाटलं तरी आपल्या मनाने गोळी वाढवायची नाही, बंदही करायची नाही. महिन्याभरात नाडी पासष्टच्या आसपास येऊन ठरली. दादा दुकानात बसला, छिन्नी उचलली, आणि घरी येऊन वहिनीला म्हणाला, "मिळाली. माझी जागा मिळाली मला."

आणि आता ही बेचाळीस.

"दादा, आज गोळी घेतलीस?"

"घेतली."

"किती?"

"किती म्हणजे? गोळी किती घेतात? एक."

धाकटीने दवाखान्यात फोन लावला. फोन सिस्टरने उचलला. धाकटी एका शाळेच्या कचेरीत नोकरीला होती, तिला मोजकं बोलायची सवय होती. तिने नाव, वय, नाडी, घाम, गार हात असं एका दमात सांगितलं.

"छातीत दुखतंय का? श्वास लागतोय का?"

"विचारते. दादा, छातीत दुखतंय?"

"नाही. ही पाटी..."

"पाटी राहू दे. श्वास?"

"घेतोय ना. तुझ्यासमोरच घेतोय."

"श्वास ठीक आहे सिस्टर. जिभेला तर काहीच झालेलं नाही."

सिस्टर हसली नाही. "ताई, त्यांना आडवं करा. पाय उंच ठेवा. एक पाऊलही चालू द्यायचं नाही. मी गाडी पाठवते, पण पूल बंद आहे, वळसा घालून यावं लागेल. पंचवीस मिनिटं धरा. फोन चालू ठेवा. गोळीचं पाकीट जवळ आहे का?"

पाकीट दादाच्या सदऱ्याच्या खिशात होतं. धाकटीने ते काढलं, नाव वाचून दाखवलं, आणि तिची नजर त्या पट्टीवरच खिळली. ही पट्टी तिनेच रविवारी संध्याकाळी औषधाच्या दुकानातून आणून दिली होती. दहा गोळ्यांची, कोरी करकरीत. सोमवार, मंगळवार, बुधवार, आज गुरुवार. चार खळगे फुटलेले असायला हवे होते.

फुटले होते सात.

"दादा."

तो कालव्याच्या पाण्याकडे बघत होता.

"दादा, इकडे बघ. तीन गोळ्या कुठे गेल्या?"

"पडल्या असतील."

"तिन्ही?"

"तू काय मास्तरीण आहेस का? उलटतपासणी लावली आहे!"

"ताई," फोनमधून सिस्टर म्हणाली, "काकांना म्हणावं, मी रागावणार नाही. पण गाडी येईल तेव्हा त्यांना काय द्यायचं ते यावर ठरणार आहे. आज किती आणि किती वाजता, एवढंच खरं हवंय मला."

दादाने डोळे मिटले. धाकटीला वाटलं, गेलाच हा शुद्धीतून. तिने त्याचा खांदा हलवला.

"दोन," दादा डोळे मिटूनच म्हणाला. "एक सातला चहाबरोबर. एक अकराला. शेवटची ओळ राहिली होती."

"आणि खाल्लं काय?"

"सांगितलं ना, शेवटची ओळ राहिली होती."

मग हळूहळू, ठोक्याठोक्याने, बाकीचं बाहेर आलं. तीन महिन्यांपासून त्याचा उजवा हात थरथरत होता. अगदी बारीक, कपातला चहा हलेल इतकाच. पण कोरणाऱ्याला तेवढं पुरे असतं. त्याने कोणाला सांगितलं नाही. त्यातच ही पाटी आली. आधी वीस नावं होती. मग पाणीपुरवठा समितीने पाच वाढवली, मग सात, मग समितीच्या सचिवांच्या मेव्हण्यासकट आणखी पाच. पाटी तेवढीच आणि नावं सदतीस. अक्षरं तांदळाच्या दाण्याएवढी झाली. तीन आठवड्यांपूर्वी एका सकाळी गोळी घेतली की नाही हे आठवेना म्हणून दादाने दुसरी घेतली, आणि त्या दुपारी हात असा चालला की जणू तो पुन्हा पंचविशीत गेला. थरथर नाही, आणि दोन ठोक्यांमधली जागा ऐसपैस, सबंध वळण काढावं एवढी. त्या दिवसापासून बारीक काम असलं की अकराची गोळी ठरलेली.

"तीन आठवडे?" धाकटीचा आवाज चिरकला. मागची पट्टी इतक्या लवकर कशी संपली, हा प्रश्न रविवारी दुकानात तिच्या मनात यायला हवा होता. आला नव्हता. "आणि वही? वहीत काय लिहीत होतास?"

दादाने पुन्हा पाण्याकडे तोंड फिरवलं.

"झोपवा त्यांना," सिस्टर म्हणाली. "पाय उंच. ताबडतोब."

धाकटीने पिशवी त्याच्या डोक्याखाली दिली आणि पायांखाली काही मिळतं का पाहिलं. दगड तर रुतून बसलेला. उंच असं एकच होतं, ते ब्लँकेटातलं गाठोडं. तिने ते ओढलं आणि दादाचे पाय उचलले, तसा तो धडपडून उठायलाच लागला.

"अगं ए! अक्षरांवर पाय? चाळीस वर्षांत कधी ठेवला नाही. सोड!"

"अरे ब्लँकेट आहे मधे!"

"मधे काय का असेना. मी उठतो. जातो चालत."

"उठून दाखव फक्त!" धाकटी अशी ओरडली की दादा खरोखर गप्प झाला. तिने पाटी बाजूला सारली, तिथेच मातीत बसकण मारली आणि त्याचे दोन्ही पाय उचलून आपल्या मांडीवर घेतले, चपला-बिपलांसकट.

"हे काय? तू माझ्याहून..."

"लहान आहे. माहीत आहे. पडून राहा."

ती पुन्हा मोजायला लागली. मनगट लांब गेलं होतं म्हणून पावलावर घोट्याजवळ चाचपून पाहिलं, तिथे काही लागेना. तिला क्षणभर वाटलं, थांबलं सगळं. तिने वाकून त्याचा हात ओढून घेतला. चाळीस. पाच मिनिटांनी पुन्हा मोजले. अडतीस. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तिला देवाकडे फार काही मागता येत नसे. आई एक वाक्य शिकवून गेली होती, "देवा, तू आहेस ना." तेवढंच ती मनात म्हणायला लागली, एका ठोक्याला एकदा असं धरून. पण ठोके इतके लांब पडत होते की एका ठोक्यात ते वाक्य दोनदा म्हणून व्हायचं.

"बोलतं ठेवा काकांना," सिस्टर म्हणाली.

"दादा, तू पहिली पाटी कोणती कोरलीस?"

 त्याचे ओठ हलले. "खिळे."

"काय?"

"म्हाताऱ्याच्या कपाटाला... खण होते. एकावर कोरायला लावलं. खिळे. पहिलं अक्षर गेलं वरती, दुसरं गेलं खाली." तो थांबला. "तुझ्या अक्षरासारखं."

धाकटीचं अक्षर हा घरातला जुना विनोद. कोंबडीने शाईत पाय बुडवून कागदावर नाचावं तसं ते आहे, असं दादा ती दुसरीत असल्यापासून म्हणत आला होता. कचेरीत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याने मुख्याध्यापकांचं अभिनंदन करायला सांगितलं होतं.

"बोल, बोल. माझ्या अक्षराला नावं ठेव. पण बोलत राहा."

दादाने हात उचलला. त्यात ती पट्टी होती, तिने खाली ठेवलेली त्याने कधी उचलली कोण जाणे. "ही बलाच नको," तो म्हणाला. "टाकून देतो पाण्यात. आजपासून बंद. एकही नाही घेणार."

हातात जोर नव्हता, तरी पट्टी फेकण्याच्या बेतात होती. धाकटीने त्याचं मनगट पकडलं. फोनमधून सिस्टरचा आवाज आला, पहिल्यांदाच चढलेला.

"काका, फेकायची नाही! ती मला बघायची आहे. आणि बंद करायचं तुम्ही ठरवायचं नाही. एवढे दिवस सवय असलेली गोळी एकदम सोडली तर छाती दुप्पट उसळते, त्यात झटका येऊ शकतो. आता पुढची घ्यायची नाही. कधी घ्यायची, किती घ्यायची, ते मॅडम सांगतील. ऐकताय ना?"

दादा ऐकत नव्हता. त्याची मान एका बाजूला कलली होती.

"दादा!"

"...ऐकतोय," दादा म्हणाला. "तुम्ही दोघी मिळून ओरडताय. न ऐकून जातो कुठे?"

गाडी आली तेव्हा धाकटीचे पाय मुंग्या येऊन बधिर झाले होते. तिला उठता येईना. दोन माणसांनी दादाला स्ट्रेचरवर घेतलं, छातीला वायरी लावल्या, हातात सुई गेली. धाकटी रांगतच पाटीजवळ गेली. "हीसुद्धा न्यायची." त्यातल्या एकाने गाठोडं उचललं आणि म्हणाला, "बाप रे, यात काय, पेशंटचा भाऊ आहे का?" त्यावर ती हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं ते गाडीचं दार लागेपर्यंत आवरलं नाही.

वाटेत सचिवांचा फोन आला. पाटी कुठे आहे? तिने सांगितलं, पाटी दवाखान्यात चालली आहे.  नंतर कळलं की चार वाजता पाहुण्यांनी पडदा ओढला, टाळ्या झाल्या आणि मागे भिंतीला चार भोकं निघाली.

दवाखान्यात पहिला तास फार कठीण गेला. औषध चढत होतं आणि पडद्यावरचा आकडा हट्टाने चाळिशीच्या आतबाहेर करत होता. वहिनी धावत आली ती घरातल्या चपलांवरच. नवऱ्याला काही बोलली नाही. कॉटच्या पायथ्याशी उभी राहून आकड्याकडे बघत राहिली. चव्वेचाळीस. सेहेचाळीस. पन्नास दिसलं तेव्हा ती खुर्चीत बसली. छप्पन दिसलं तेव्हा तिला बोलायला तोंड फुटलं. "घरी चला, मग बघते तुमच्याकडे." दादाच्या चेहऱ्यावर रंग आला तो या वाक्याने, असं धाकटीला वाटलं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. सिस्टरने सांगितलं होतं म्हणून वहिनीने नाडीची वही आणली होती. त्यांनी ती उघडली. सुरुवातीची पानं ठीक होती. अडुसष्ट, चौसष्ट, सहासष्ट, कधी एकाहत्तर, कधी शाईचा डाग. शेवटच्या तीन आठवड्यांत मात्र साठ. साठ. साठ. एकाखाली एक, सगळे सारखे. एक शून्य लहानमोठं नाही की सहाची शेपटी वाकडी नाही. छापल्यासारखे.

"खरे आकडे किती होते?" त्यांनी विचारलं.

"अठ्ठेचाळीस," दादा म्हणाला. "सेहेचाळीस. एकदा चव्वेचाळीस."

"पन्नासच्या खाली फोन करायचा हे लक्षात होतं?"

"होतं. फोन केला असता तर तुम्ही गोळी कमी केली असती."

"केलीच असती." त्यांनी वही मिटली. "पंधरा दिवसांपूर्वी तुम्ही ही मला दाखवलीत. मी म्हटलं, किती छान चाललंय, इतका नीटनेटका पेशंट नाही पाहिला. तुमच्या अक्षराकडे बघूनच मी पुढे काही विचारलं नाही. माझंही चुकलं. आकडे इतके सारखे कोणाच्याच छातीत नसतात."

दादाने मान खाली घातली.

"आणि हात थरथरतो हे मला का नाही सांगितलं? तो वेगळा विषय आहे. त्याची वेगळी तपासणी आहे, वेगळे उपाय आहेत. सगळं पहिल्यासारखं होईल असं मी म्हणत नाही. पण विचारायला तर हवं होतं." त्या उठल्या. "आज रात्र इथे काढा. उद्या पट्टी बघून मी सांगेन, गोळी कधीपासून आणि किती. तोवर एकही नाही. आणि सांगेन त्यानंतर एकही चुकवायची नाही. विसरलात असं वाटलं तर दुसरी घ्यायची नाही, फोन करायचा."

त्या गेल्या. वहिनी चहा आणायला खाली गेली. ब्लँकेटातली पाटी भिंतीला टेकून उभी होती. धाकटीने सहज दोरी सैल करून एक कोपरा उघडला. सदतीस नावं, दाण्यासारखी अक्षरं, एकही रेघ चुकलेली नव्हती. कोरलेल्यातलं सगळ्यात सुंदर काम असेल ते दादाचं. तिला त्याच्याकडे बघवेना. तिने कोपरा झाकला.

पडद्यावर अठ्ठावन्न झाले होते.

"धाकटे," दादाने हाक मारली.

"काय हवंय? पाणी?"

"ती वही तुझ्या पिशवीत टाक."

तिने टाकली.

"घरी गेलो की रोज सकाळी सातला येत जा. तुझ्या शाळेच्या वाटेवरच आहे. नाडी तू मोजायची. पट्टी तुझ्याकडे. आणि आकडा तू लिहायचा, तुझ्या त्या कोंबडीच्या पायांनी."

"का? तुझा हात काय फुलं वेचायला जाणार आहे?"

दादाने स्वतःचा उजवा हात चादरीवर उलटा-पालटा करून पाहिला. तो बारीक थरथरत होता.

"माझं अक्षर फार चांगलं आहे गं," तो म्हणाला. "कोणालाही खरं वाटतं. तू लिही."